बुधवार, शुक्रवार आणि रविवार सोडण्याआधी

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पाच माणसे: त्या स्वतः, अंबडच्या कारखान्यात पाळीने काम करणारे यजमान, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि मधुमेह असलेल्या सासूबाई. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी घरात मटण, कोंबडी किंवा अंडी असतात. सासूबाईंचे सोमवार आणि शनिवार उपवासाचे. यजमानांच्या तपासणीत एलडीएल कोलेस्टेरॉल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) आणि ट्रायग्लिसराइड्स ही रक्तातली दोन्ही चरबी वाढलेली आढळल्यापासून घर शाकाहाराकडे न्यावे, असे त्यांच्या मनात आहे. मागे एकदा मांसाहार एकदम बंद करून पाहिला, तेव्हा जेवण पनीर, बटाटा आणि शेवभाजीवर आले, यजमानांचे वजन वाढले आणि दोन महिन्यांत सारे पूर्ववत झाले. आता किती सावकाश जावे, रोज काय शिजवावे आणि प्रथिने पुरतील का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, नाशकात आहारसल्ल्याचे काम करताना हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या टोकाने धरलेला असतो. तुमच्या घरात आठवड्यातले चार दिवस आजही शाकाहारीच आहेत. मांसाहाराच्या तीन वारांना तूर्त हात लावू नका. आधी त्या चार वारांचे ताट नीट पाहा. पोळी, बटाट्याची किंवा फ्लॉवरची भाजी, पातळ वरण, भात आणि पापड असे ते ताट असेल, तर त्यात माणशी कोरडी डाळ जेमतेम 15 ग्रॅम जाते. ही उणीव आज जाणवत नाही, कारण उरलेल्या तीन दिवसांतले अंडे-मटण ती भरून काढते. तुम्ही ते तीन दिवस काढून टाकलेत की आठवड्याचे सातही दिवस त्या चार दिवसांसारखे होतात. मग संध्याकाळी पाचला भूक लागते, चिवड्याचा डबा उघडला जातो आणि रात्री कुणीतरी पनीर मागते. तुमचा मागचा प्रयत्न बहुधा इथेच फसला असावा.

म्हणून पहिले सहा ते आठ आठवडे एकच काम करावे. शाकाहारी दिवशी डाळ किंवा कडधान्य ताटाच्या कडेवरून मध्यभागी आणावे आणि भात-पोळीने थोडे सरकून त्याला जागा द्यावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी धान्ये 250 ग्रॅम, डाळी-कडधान्ये 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिलिलिटर, शेंगदाणे-तिळासारख्या तेलबिया आणि सुकामेवा मिळून 35 ग्रॅम आणि तेल-तूप 27 ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. ही वजने कोरड्या, न शिजवलेल्या पदार्थांची आहेत. यातला 85 हा आकडा तुमच्या कामाचा. सासूबाईंचे आणि लहान मुलाचे थोडे कमी धरले, तरी पाच माणसांना दिवसाला 350 ग्रॅमच्या आसपास डाळ-कडधान्य लागते, म्हणजे महिन्याला साधारण दहा किलो. तुमच्या किराण्याच्या यादीत तूरडाळ, मूग, मटकी, हरभरा सगळे मिळून किती किलो असते ते आजच तपासा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत ते याच्या निम्मेही नसते, आणि तरीही प्रश्न मात्र प्रथिनांच्या पावडरीबद्दल विचारला जातो.

प्रथिनांचा हिशेब एकदा मांडून ठेवतो, म्हणजे ती धास्ती जाईल. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. यजमानांचे वजन 70 किलो धरले तर 58 ग्रॅम. अडीचशे ग्रॅम धान्यातून साधारण 25 ग्रॅम, 85 ग्रॅम डाळ-कडधान्यांतून 18 ते 19, दूध-दह्यातून 9 ते 10 आणि दाणे-तिळांतून 7 ते 8 ग्रॅम मिळतात. बेरीज साठच्या घरात जाते. यात पनीरचा तुकडाही नाही. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हे शरीराला आवश्यक अमायनो आम्ल (प्रथिनांचा घटक) कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते. उलट डाळीत जे गंधकयुक्त अमायनो आम्ल कमी पडते, ते धान्य पुरवते. दोन्ही एकाच घासात आलीच पाहिजेत असे नाही, दिवसभरात आली तरी चालते. धान्याचे तीन वाटे आणि डाळीचा एक हे प्रमाण सांभाळावे. खानदेशाला लागून असलेल्या आपल्या मालेगाव-बागलाण भागात ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची कळण्याची भाकरी होते; तिच्यात हे गणित जात्यातच सुटलेले असते.

आता स्वयंपाकाकडे येतो. नवे पदार्थ शिकण्याची गरज फारशी नाही, कारण या जिल्ह्याच्या जुन्या जेवणात कडधान्याला मान होताच. मटकीची उसळ आणि बाजरीची भाकरी, काळ्या उडदाची आमटी, हुलग्याचे शेंगोळे, हिरव्या मुगाची पातळ उसळ, हरभऱ्याची डाळ आणि दाणे घातलेली पालकाची किंवा चाकवताची पातळ भाजी, पिठले, मूगडाळीची धिरडी, वालाचे बिरडे: आठवड्यातून यातले चार पदार्थ फिरवले तरी चव कंटाळत नाही. शेंगोळे करायला वेळ लागतो हे मान्य आहे. ते सुट्टीच्या दिवशी करावेत, एरवी हुलग्याच्या पिठाचे पिठले दहा मिनिटांत होते.

पाळीची नोकरी, दोन डबे आणि घरचे काम यांत रोज सकाळी कडधान्य भिजत घालायचे लक्षात राहत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदाच भिजवावे. रविवारी रात्री मटकी आणि मूग, बुधवारी रात्री हरभरे किंवा चवळी. मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये तीन दिवस चांगली राहते. भिजवून शिजवलेले हरभरे डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवले, तर कामावरून आल्यावर उसळ वीस मिनिटांत होते. डिसेंबर-जानेवारीत नाशकात पारा खाली उतरला की मोड यायला दीड-दोन दिवस लागतात. तेव्हा फडक्यात बांधलेली मटकी झाकणाच्या डब्यात घालून स्वयंपाकघरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवावी. मोडांबद्दल एक समज मात्र सोडावा. मोड आल्याने प्रथिने वाढत नाहीत. उलट कडधान्य पाणी पिते, त्यामुळे वाटीमागे ती कमीच भरतात. मोडांचा खरा फायदा असा, की लोह आणि जस्त अडवून ठेवणारे फायटिक आम्ल घटते, क जीवनसत्त्व तयार होते आणि पचन सोपे जाते. गर्भवती, लहान मुले आणि वयस्कर माणसांनी मोड कच्चे न खाता वाफवून खावेत.

पोटात वायू धरतो ही तक्रार पहिल्या पंधरवड्यात येणारच, विशेषतः सासूबाईंची. तिच्यामुळे अनेक घरे माघार घेतात, म्हणून क्रम सांगतो. सुरुवात मूगडाळ आणि अख्ख्या मुगाने करावी, मग मटकी आणि मसूर, त्यानंतर चवळी आणि हुलगे, आणि हरभरा, राजमा, वाटाणा सर्वांत शेवटी. कडधान्य आठ ते बारा तास भिजवावे, ते पाणी टाकून द्यावे, मऊ शिजवावे, फोडणीत हिंग-ओवा घालावा आणि वाटीभर उसळीपर्यंत अर्ध्या वाटीवरून हळूहळू यावे. आतड्यांतले जिवाणू या नव्या तंतूंना काही आठवड्यांत सरावतात. या काळात पाणी कमी प्यायले तर बद्धकोष्ठ होते आणि दोष मात्र उसळीला दिला जातो.

यजमानांना मटणाची आठवण येईल, तिचा विचार जरा बारकाईने करा. अनेकदा ओढ मांसाची कमी आणि वाटणाची जास्त असते. भाजलेला कांदा, खोबरे, लसूण, खसखस आणि काळा मसाला यांचे तेच वाटण काळ्या हरभऱ्याला, हुलग्यांना किंवा अख्ख्या मसुराला लावून रस्सा करा, सोबत भाकरी, कांदा, लिंबू द्या आणि पुढे बुधवार सोडाल तेव्हा तो रस्सा वाढून पाहा. चावायला काही हवे असेल तर सोयाच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून रश्शात घालाव्यात. 30 ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे 15 ग्रॅम प्रथिने असतात. पिळण्याचा कंटाळा केला तर त्यांचा वास घरातल्या कुणालाही आवडणार नाही. फणसाची भाजी चवीला मटणाच्या जवळ जाते म्हणून तिची शिफारस केली जाते, पण कोवळ्या फणसात प्रथिने अगदी थोडी असतात; ती भाजी म्हणून खावी, मटणाला पर्याय म्हणून मोजू नये.

मिसळीबद्दल नाशिककराने बोलायचे म्हणजे धोका पत्करणे आहे, तरी बोलतो. मिसळीचा पाया, म्हणजे मोडाची मटकी, उत्तम आहे. बिघाड होतो तो तर्रीतल्या तेलाने, वर पसरलेल्या मूठभर फरसाणाने आणि मैद्याच्या पावांनी. घरी करताना वाटीत दोन भाग मटकी आणि एक भाग रस्सा घ्यावा, फरसाण चमचाभरच घालावे, पावाऐवजी भाकरी घ्यावी किंवा नुसतीच दह्याबरोबर खावी. बाहेरची मिसळ महिन्यातून एकदा खाण्याला माझा आक्षेप नाही. दर रविवारी सकाळी मिसळ आणि दुपारी मटण या जोडीला मात्र आहे.

रक्तातली चरबी हा तुमच्या प्रश्नाचा मूळ धागा आहे आणि त्याबाबत एक गैरसमज महागात पडतो. मांसाहार बंद केला की कोलेस्टेरॉल आपोआप उतरेल असे नाही. एलडीएल वाढवण्यात संपृक्त चरबीचा मोठा वाटा असतो आणि ती लोणी, तूप, साय, पनीर, वनस्पती तूप, बेकरीची खारी-नानकटाई यांतही भरपूर असते. शंभर ग्रॅम पनीरमध्ये 20 ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. ट्रायग्लिसराइड्स तर साखर, मैदा, गोड पेये, भाताचा डोंगर आणि मद्य यांनी चढतात. म्हणजे मटण बंद करून पनीर-बटर-मसाला, नान आणि वर गुलाबजाम असे जेवण सुरू केले, तर अहवालातले दोन्ही आकडे जागीच राहू शकतात. उलट कडधान्ये, ओट आणि फळांतले विद्राव्य तंतू एलडीएल थोडे उतरवतात. तेलाचा हिशेब सोपा आहे. माणशी 27 ग्रॅमच्या हिशेबाने पाच माणसांना महिन्याला चार किलोच्या आसपास तेल-तूप पुरते. पाच लिटरचा डबा महिना संपण्याआधी संपत असेल, तर आधी तो सांभाळा. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या असतील, तर आहार बदलला म्हणून त्या आपल्या मनाने थांबवू नका.

लोहाकडे मुलीसाठी आणि स्वतःसाठी लक्ष द्या. प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे, पुरुषाला 19. वनस्पतींतले लोह मांसातल्या लोहापेक्षा कमी शोषले जाते, पण सोबत क जीवनसत्त्व असले तर शोषण चांगलेच सुधारते. उसळीवर लिंबू पिळणे, जेवणात कच्चा टोमॅटो किंवा कोबीची कोशिंबीर असणे, डब्यात पेरूची फोड टाकणे एवढ्याने काम होते. आपला जिल्हा द्राक्षांचा, त्यामुळे हंगामात घराघरांत द्राक्षांच्या पेट्या येतात. पण क जीवनसत्त्वाच्या बाबतीत द्राक्षे पेरूच्या पासंगालाही पुरत नाहीत. लोहासाठी बाजरी, मटकी, हुलगे, तीळ, हिरव्या पालेभाज्या आणि लोखंडी कढई-तवा यांचा उपयोग करा. यात सर्वांत अवघड सवय चहाची आहे. पोह्यांबरोबर चहा आणि जेवणानंतर लगेच चहा घेतला, तर त्यातली टॅनिने लोहाला धरून ठेवतात. चहा जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास दूर ठेवावा. मुलीची पाळी सुरू झाली असेल तर तिचे हिमोग्लोबिन आताच तपासून घ्या.

ब12 जीवनसत्त्वाबाबत मी कुणालाही सवलत देत नाही. ते डाळीत नाही, पालेभाजीत नाही, मोडांत नाही, आणि स्पिरुलिना या शेवाळाच्या गोळ्यांत जे दाखवले जाते त्यातले बरेचसे शरीराला उपयोगी पडत नाही. शाकाहारात ते मिळते दूध, दही, ताक आणि पनीर यांतून. अंडी चालत असतील तर त्यांतून. यकृतात त्याचा साठा असतो, त्यामुळे मांसाहार सोडल्यावर वर्ष-दोन वर्षे काहीच जाणवत नाही आणि मग हातापायांना मुंग्या, थकवा, जिभेची आग अशी लक्षणे दिसू लागतात. पालेभाज्यांतून फोलेट हे ब गटातले जीवनसत्त्व भरपूर मिळत असल्याने रक्तात रक्तक्षयाची (ॲनिमियाची) खूण झाकली जाऊ शकते आणि नसांचे नुकसान मात्र चालू राहते. म्हणून बदल सुरू करण्याआधी पाचही जणांची ब12 तपासणी करावी आणि वर्षाने पुन्हा करावी. सासूबाई मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेत असतील तर त्यांच्यासाठी ही तपासणी अधिकच गरजेची, कारण त्या औषधाने ब12 चे शोषण कमी होते. आकडा कमी आला तर गोळी की इंजेक्शन, हे डॉक्टरांना ठरवू द्या. नुसते दूध वाढवून ती उणीव भरत नाही.

सासूबाईंचा उपवास हा स्वतंत्र विषय होऊ शकतो, पण थोडक्यात सांगतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिने नावापुरती. मधुमेहात आठवड्यातून दोनदा तो खाणे योग्य नाही. त्याऐवजी थोडी भगर आणि तिच्यापेक्षा जास्त दाण्याची आमटी, सोबत काकडीची दह्यातली कोशिंबीर द्यावी, किंवा राजगिऱ्याची भाकरी द्यावी. भगरीनेही साखर वाढते, म्हणून ती एका लहान वाटीच्या पुढे नको. उपवासाच्या दिवशी औषधाची मात्रा काय असावी, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. त्यांच्या मूत्रपिंडाचा काही त्रास निघाला असेल, तर वर सांगितलेले डाळीचे प्रमाण त्यांना लागू नाही.

मुलांसाठी नागली, म्हणजे नाचणी, वापरात आणा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतली नागली आपल्याकडे सहज मिळते आणि तिच्या शंभर ग्रॅममध्ये 340 ते 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. भाकरी पहिल्याच दिवशी मुलगा खाणार नाही. गव्हाच्या पिठात चौथा हिस्सा नागली मिसळून पोळी किंवा धिरडे करून सुरुवात करावी. माशांतून मिळणाऱ्या ओमेगा-3 चा काही भाग जवसाची चटणी भरून काढते, मात्र जवस भाजून कुटावेत, अख्खे तसेच बाहेर पडतात. भाजीसाठी गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार सोडू नका; पावसाळ्यात तिथे करटुली आणि रानभाज्या येतात, आणि हिरव्या भाजीला नाक मुरडणारी मुलेही करटुल्याची परतलेली भाजी खातात असा माझा अनुभव आहे.

वेगाविषयी माझे मत असे. हे सहा-आठ आठवडे पार पडले आणि शाकाहारी दिवशी संध्याकाळची खा-खा कमी झाली, की आधी शुक्रवार घ्यावा, त्यानंतर महिन्याभराने बुधवार. श्रावण जवळ असेल तर त्याचा लाभ घ्या. अनेक घरांत तेव्हा मांसाहार तसाही बंद असतो, त्यामुळे महिनाभर कुणाला समजवावे लागत नाही. फक्त त्या महिन्यात उपवासाचे तळण वाढणार नाही एवढे पाहा. अंडी सर्वांत शेवटी सोडावीत, आणि श्रद्धेचा प्रश्न नसेल तर मुलांची अंडी सोडूच नयेत असे मी म्हणेन. यजमानांची चरबीची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. त्याआधी आकडे पाहण्याची घाई करू नये.

राहिला रविवार. तो काढायचा की ठेवायचा, हे तुमच्या घराने ठरवावे. बाकीचे सहा दिवस वर सांगितल्याप्रमाणे चालले असतील, तर रविवारी कातडी काढलेल्या कोंबडीचे किंवा माशाचे दोन-तीन तुकडे, कमी तेलाच्या रश्शात, मला आहाराच्या दृष्टीने खटकणार नाहीत. तेव्हाही ताटात उसळीची वाटी मात्र असावी.